मापाचा मास्क

सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाची हवा देण्याचा उपचार. त्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण यंत्राचा इतिहास सांगतात. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांना नाकावाटे दाबाची हवा दिली आणि त्यांचा श्वास रात्रभर अखंड चालला, ही हकिगत वैद्यकाच्या पुस्तकांत आता पक्की बसली आहे. त्या शोधात यंत्र हा मात्र सोपा भाग होता. हवा फेकायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर पुरली, आणि तसली मोटर काही दशकं आधीपासून बाजारात मिळत होती. झोपलेल्या, कूस बदलणाऱ्या, घाम येणाऱ्या माणसाच्या नाकात ती हवा सात तास न सांडता पोचवणं हे खरं अवघड काम होतं, आणि ते मास्कचं होतं. हा उपचार जन्माला आला तो एकेका चेहऱ्याचं माप घेऊन. पुढे कारखान्यांनी ती मापं तीन-चार आकारांत बसवली, मास्क स्वस्त आणि सुटसुटीत झाला, पण त्याबरोबर माप घेणारा माणूस मधून निघून गेला. शहरातल्या रुग्णाला त्याची उणीव थोडीफार भरून काढता येते. माण, खटाव, आटपाडी या दुष्काळी माणदेशातल्या रुग्णाला येत नाही. यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडतं आणि दोष रुग्णाच्या स्वभावाला दिला जातो. हा दोष त्याचा नाही, हे इतिहासातूनच दाखवता येतं.

आजार काय आहे ते थोडक्यात सांगायला हवं. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकून श्वासाची वाट बंद करतात. छाती हवा ओढत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू अर्धवट जागा होतो, मोठा घोर येऊन श्वास सुटतो, आणि पुन्हा तेच. रात्रीतून शेकडो वेळा असं घडू शकतं. सकाळी डोकं जड, दिवसा बसल्याबसल्या डोळा लागणं, रक्तदाब औषधाला न जुमानणं ही त्याची फळं. १९७० च्या दशकात क्रिस्तियाँ गिल्मिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लक्षणांचा नीट अभ्यास करून त्यांना एका आजाराचं रूप दिलं. तेव्हा गंभीर रुग्णावर एकच खात्रीचा उपाय होता: गळ्याला पुढून भोक पाडायचं आणि रात्री त्यातून श्वास घ्यायचा. उपाय लागू पडायचा, पण गळ्यात नळी घेऊन उभं आयुष्य काढायला कोण राजी होणार? या पार्श्वभूमीवर नाकावरचा मास्क ही फार मोठी सुटका होती. रुग्ण ती स्वीकारणार की नाही, हे मात्र मास्क तोंडावर कसा बसतो यावर ठरणार होतं.

मास्क त्याआधीही होतेच. १८४६-४७ मध्ये ईथरची भूल आली आणि लगेच लंडनच्या जॉन स्नो यांना कळलं की नळी तोंडात धरण्यापेक्षा नाक-तोंड झाकणारा, चेहऱ्याच्या वळणानुसार वाकवता येणारा मास्क हवा. नॉटिंगहॅमच्या फ्रान्सिस सिब्सन यांनी तसा मास्क केला होता. तो स्नो यांनी घेतला आणि सुधारला. पण आपल्याकडे पुढे वर्चस्व राहिलं ते क्लोरोफॉर्मचं. क्लोरोफॉर्म द्यायला तारेच्या सांगाड्यावर ताणलेलं जाळीचं कापड पुरत असे, त्यावर थेंब टाकायचे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं आणि पुढच्या काही दशकांत दक्षिण महाराष्ट्रातले रुग्ण शस्त्रक्रियेसाठी मिरजेची वाट धरू लागले. त्या काळच्या शस्त्रक्रियागृहांत मास्क म्हणजे हीच जाळी. तिच्या कडेने बाहेरची हवा आत यायलाच हवी होती. ती आली नाही तर क्लोरोफॉर्मचं प्रमाण वाढून जीवावर बेतायचं. म्हणजे आपल्याकडे मास्क आला तो फट असणं हाच गुण असलेला. चेहऱ्याला घट्ट, चोख बसण्याची त्याला गरज नव्हती, म्हणून चेहऱ्याचं माप घेण्याची रीतही पडली नाही. हा तपशील किरकोळ नाही. दाबाच्या हवेचा मास्क ही अगदी उलट जातीची वस्तू आहे, आणि ती वापरायला लागणारा हात आपल्या रुग्णालयांच्या परंपरेत तयार झालेला नव्हता.

दाबाची हवा मास्कमधून देण्याचा प्रयोगही सुलिवन यांच्या आधीचा. १९३६ मध्ये लंडनच्या ई. पी. पोल्टन यांनी हृदयविकाराने फुफ्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांना अशी हवा दिली, आणि त्यांचीही मोटर व्हॅक्यूम क्लीनरचीच होती. पंचेचाळीस वर्षांच्या अंतराने दोघांनी एकाच घरगुती यंत्राचा आधार घेतला, यावरून मोटर हा अडथळा कधीच नव्हता हे पुरेसं स्पष्ट होतं. मग मधल्या काळात मास्कवर काम कुणी केलं? विमानवाल्यांनी. उंचावर हवा विरळ होते, वैमानिकाला प्राणवायू लागतो. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये बूथबी, लव्हलेस आणि बुलबुलियन या तिघांनी मिळून एक रबरी मास्क केला. तिघांच्या आद्याक्षरांनीच तो ओळखला जाई. यातले आर्थर बुलबुलियन हे तुर्कस्तानातून आलेले आर्मेनियन. ते मेयोच्या वैद्यकीय संग्रहालयाचं काम पाहत, आणि जखमेने किंवा कर्करोगाने नाक-कान गेलेल्या माणसांना कृत्रिम नाक-कान घडवून देत. चेहऱ्यावर हात फिरवून त्याची उंचसखल जागा ओळखणारा कारागीर या तिघांत नसता, तर बाकी दोघांचा तो मास्क कागदावरच राहिला असता, असं मला ठामपणे वाटतं. मास्क चांगला झाला की त्यामागे असा एक हात सापडतो. पुढेही तेच दिसतं.

सुलिवन आधी टोरोंटोत कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर संशोधन करत होते. सिडनीला परतल्यावर त्यांनी एका गंभीर रुग्णापुढे एक रात्रीचा प्रयोग ठेवला. त्या रुग्णाला गळ्याला भोक पाडण्याची शस्त्रक्रिया सुचवलेली होती. १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात पाच रुग्ण आहेत. साधारण साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे अगदी हलका, दाब पुरला. घरी रोज वापरायची वेळ आली तेव्हा प्रत्येक रुग्णाच्या नाकावर प्लास्टर लावून साचा घेतला जाई, त्या साच्यावर फायबर ग्लासचा मास्क ओतला जाई, आणि रोज रात्री तो सिलिकॉनच्या चिकट लेपाने नाकाभोवती चिकटवायचा, सकाळी सोलून काढायचा. ऐकायला हे जिकिरीचं वाटतं आणि होतंही. पण त्या पहिल्या रुग्णांनी ती जिकीर वर्षानुवर्षं केली, कारण तो मास्क त्यांच्याच नाकाचा होता आणि हवा कुठून निसटत नव्हती. रात्रीची झोप परत मिळाल्यावर पाच-दहा मिनिटांच्या लेपाचं ओझं त्यांना वाटलं नाही. पहिल्या पिढीच्या या अनुभवातून एक गोष्ट निश्चित निघते. माणूस त्रास सोसतो, पण उपयोग होत नसलेला त्रास सोसत नाही. गळणारा मास्क हा नेमका तसा त्रास आहे.

१९८५ मध्ये अमेरिकेत तयार मास्कसकट सीपॅप बाजारात आलं. त्यानंतरच्या काळात सिलिकॉनचं मऊ कुशन, त्याला आतून दुसरी पातळ कड, नाकपुड्यांत बसणारी छोटी बोंडं ज्यांना दुकानदार नेझल पिलो म्हणतात, आणि तोंडाने श्वास घेणाऱ्यांसाठी नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस, असे प्रकार निघाले. लेप आणि साचा गेला. आता प्रत्येक मास्क स्मॉल, मीडियम, लार्ज असा येतो. ही सुधारणाच होती, यात शंका नाही. एकेका नाकाचा साचा घेत बसलं असतं तर हा उपचार सिडनीच्या बाहेर लाखो लोकांपर्यंत गेलाच नसता. पण आकार ठरवायचे म्हणजे कुणाचे तरी चेहरे मोजावे लागतात. झोपेच्या मास्कचे कारखाने आपली मापं उघड करत नाहीत. धूळ-धुराच्या मास्कचा इतिहास मात्र उघडा आहे आणि तो बोलका आहे. अमेरिकेत त्या मास्कची चाचणी ज्या चेहऱ्यांच्या तक्त्यावर कित्येक दशकं होत होती, तो तक्ता १९६७-६८ मध्ये मोजलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या जवानांवरून बांधलेला होता. तरुण, निवडून घेतलेली, बहुतेक गोरी माणसं. पुढे तिथल्याच संशोधकांनी दाखवून दिलं की त्यांच्याच देशातल्या कामगारांचे चेहरे त्या तक्त्यात नीट मावत नाहीत, आणि २००७ च्या सुमारास नवा तक्ता आला. जिथे स्वतःच्या देशातला कामगार मावत नव्हता, तिथे माण तालुक्यातल्या म्हसवडची साठीची बाई मावेल हे धरून चालायला आधार काय?

तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहू. नाकात मोरणी किंवा चमकी आहे, वर्षानुवर्षं न काढलेली. कुशनची कड नेमकी नाकपुडीच्या त्या जागेवर येते. मागे अंबाडा आहे, पट्टा त्याच्या वर ठेवला तर घसरतो, खाली ठेवला तर मान आवळतो. दाढा गेलेल्या असल्या तर गाल आत बसलेले असतात, आणि कवळी रात्री काढून ठेवली की दिवसा घेतलेलं माप रात्री खोटं ठरतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे, बोळक्या तोंडावर मास्क धरणं हे त्यांच्या शिकवणीतलं अवघड काम मानलं जातं. पुरुषाला भरघोस मिशा असतील तर नाकावरच्या मास्कची खालची कड केसांवर टेकते आणि हवा तिथून फुर्रफुर्र निघत राहते. त्याला नाकपुडीतली बोंडं बरी पडतात, पण ती त्याला दाखवणारं कुणी असेल तर. मग ऋतू. माण हा पर्जन्यछायेतला तालुका, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. एप्रिल-मे महिन्यांत कोरडी हवा नाक सुकवते, म्हणून यंत्राला पाण्याची टाकी जोडतात. त्यात विंधन विहिरीचं जड पाणी घातलं तर काही आठवड्यांत तळाशी क्षारांचा पांढरा थर धरतो. पाणी उकळून गार केलं तरी सगळे क्षार जात नाहीत, शुद्ध केलेलं पाणी विकत आणावं लागतं. घामाने कुशन सरकतं. आणि उन्हाळ्यात माणदेशात माणसं अंगणात, धाब्यावर झोपतात. तिथे प्लग कुठला?

अशा वेळी रुग्ण आणि घरचे लोक जो उपाय करतात तो साहजिक आहे आणि नेमका उलटा आहे: पट्टे आवळायचे. कुशनची आतली पातळ कड हवेच्या दाबाने फुगून त्वचेवर तरंगावी अशी केलेली असते. पट्टा जास्त ओढला की ती कड चेपते, दुमडते आणि गळती वाढते. गळती वाढली की आणखी आवळायचं. आठवडाभरात नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो, मग साल जाते, मग मास्क पेटीत जातो. दुसरी चूक छिद्रांची. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रं मुद्दाम ठेवलेली असतात, उच्छ्वासाची हवा तिथून बाहेर पडते. ती गळती समजून कुणी चिकटपट्टी लावली तर सोडलेली हवाच पुन्हा आत घेतली जाते, आणि ते धोक्याचं आहे. तिसरी भीती विजेची. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने तासन्‌तासांचं भारनियमन सोसलं आहे. वीज गेली आणि तोंडावर मास्क असला तर जीव गुदमरेल, ही शंका रास्तच म्हणायची. फुल फेस मास्कला एक झडप असते, दाब पडला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पट्टा किती सैल ठेवायचा, यंत्र चालू करून आडवं पडल्यावरच माप का बघायचं, कूस बदलल्यावर कुठे बोट लावून पाहायचं, हे दाखवायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास देणारा माणूस जवळपास नाही, एवढीच अडचण आहे. पण सगळा उपचार तिच्यावर अडतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की माणदेशात या आजाराची चर्चाच कशाला. हा शहरातल्या जाड, बैठ्या माणसांचा आजार. इथला माणूस काटक, ज्वारी-बाजरी खाणारा, उन्हात राबणारा. या समजुतीला आधार आहे तो एवढाच, की हाताशी असलेला पुरावा शहरातला आहे. महाराष्ट्रातला या आजारावरचा सर्वांत परिचित अभ्यास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झाला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्न विचारले, त्यांतल्या २५० जणांची झोपेची तपासणी केली. त्यावरून झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण १९.५ टक्के, आणि त्याबरोबर दिवसा पेंगही येणाऱ्यांचं ७.५ टक्के असा अंदाज निघाला. त्याआधी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत पेंग येणाऱ्या पुरुषांचं प्रमाण ४ टक्के होतं. म्हणजे मुंबईतले पुरुष अमेरिकी पुरुषांपेक्षा सरासरीने हडकुळे असूनही आजार कमी नव्हता. आशियाई माणसांत जबड्याची ठेवण आणि घशाची जागा अशी असते की कमी वजनावरही वाट बंद होऊ शकते, हे आता सर्वमान्य आहे. मुंबईच्या आकड्यावरून माणचा आकडा काढता येणार नाही, तसा तो मी काढतही नाही. पण माणदेशातला माणूस माणदेशातच राहिला आहे कुठे? दुष्काळांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या बाहेर काढलं. माण-खटावची माणसं मुंबईत माथाडी झाली, विटा-खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात सोनंचांदी गाळायला देशभर पसरली. त्यांचं खाणं, बसणं, वजन शहराचं झालं, आणि निवृत्तीनंतर ती गावी परत येतात. यंत्र त्यांच्याबरोबर गावात येतं. मास्क बदलायची वेळ आली की पुन्हा मुंबई किंवा पुणे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो डॉक्टरांकडूनच येतो. मास्क कितीही चांगला दिला तरी लोक वापरत नाहीत, प्रश्न मनाच्या तयारीचा आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत नॅन्सी क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी यंत्रात गुपचूप नोंद करणारं मीटर बसवून पाहिलं. पस्तीस रुग्णांतले जेमतेम ४६ टक्के जण नियमित वापरणारे निघाले, आणि नियमितपणाची व्याख्या होती सत्तर टक्के रात्री किमान चार तास. आपण किती वापरतो याबद्दल रुग्ण सांगत होते त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर कमी होता. त्यापुढे २०१६ चा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे. २,७१७ रुग्ण, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले. त्यांत सीपॅपने हृदयविकाराचे पुढचे झटके कमी झाले नाहीत. हे आकडे मी टाळत नाही. पण त्याच अभ्यासात रोजचा सरासरी वापर ३.३ तास होता, हेही तितकंच खरं आहे. अर्ध्या रात्रीचा उपचार घेऊन हृदयाचं रक्षण झालं नाही, यावरून पूर्ण रात्रीच्या उपचाराबद्दल निकाल देता येत नाही. पेंग आणि जगण्याची प्रत मात्र त्या तेवढ्या वापरानेही सुधारली. मनाच्या तयारीबद्दल सांगायचं तर, पुढच्या अभ्यासांत दिसलं की कोण टिकणार आणि कोण सोडणार हे पहिल्या आठवड्यातच वेगळं पडायला लागतं. पहिल्या आठवड्यात मनाची तयारी सगळ्यांचीच असते, पैसे मोजून यंत्र नुकतंच घरी आलेलं असतं. त्या आठवड्यात तोंडावर जे होतं ते मन ठरवतं. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला सहसा जास्त दाब लागतो आणि लोक तो नाकावरच्या मास्कपेक्षा कमी वापरतात, हे तुलनात्मक अभ्यासांत पुन्हापुन्हा आलं आहे. तरीही रुग्ण समोर न बसवता मास्क निवडायचा असेल तर दुकानदाराला फुल फेस देणंच सोयीचं पडतं, कारण तो कुणालाही ‘चालतो’. मास्क कुठला यालाही महत्त्व असेल, तर तो निवडणारा कोण यालाही आहेच.

करोनाच्या दोन वर्षांनी या प्रश्नाला एक वेगळं वळण दिलं. तोवर बायपॅप हा, मास्कमधून दाबाची हवा देणाऱ्या दुसऱ्या एका यंत्राचा, शब्द शहरातल्या अतिदक्षता विभागापुरता होता. २०२०-२१ मध्ये तो गावोगावच्या कट्ट्यावर आला, आणि आला तो मरणाच्या बातमीबरोबर. ‘बायपॅपवर ठेवलंय’ म्हणजे पेशंट हाताबाहेर गेला, असा अर्थ कित्येक घरांत कायमचा बसला. त्या काळात गोंदवल्यातही कोविड रुग्णालय उभं राहिलं, त्यामागे बायकांसाठी काम करणाऱ्या म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनचाही हातभार होता. अनेकांनी चेहऱ्याला पट्ट्यांनी बांधलेला दाबाचा मास्क पहिल्यांदा पाहिला तो अशा रुग्णालयांत, तोही दम लागलेल्या माणसाच्या तोंडावर. आज त्याच घरातल्या माणसाला डॉक्टर झोपताना तसाच मास्क लावायला सांगतात तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार चिठ्ठी लिहिताना क्वचितच होतो. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी याच आजाराने गेल्याची बातमी आली आणि आजाराचं नाव मराठी वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलं, पण मास्कची भीती त्याने गेली नाही. याच करोनाकाळाची दुसरी बाजूही आहे. माणदेशी फाउंडेशनशी जोडलेल्या बायकांनी २०२० मध्ये म्हसवडला मास्क शिवले. ते कापडी आणि साधे मास्क होते, दाबाच्या हवेशी त्यांचा काही संबंध नाही. पण नाकावर कुठे चुणी घ्यायची, कानामागे काचतं कुठे, लहान तोंडाला किती कापड कमी, हे प्रश्न त्या हातांना नवे नव्हते. चेहऱ्याला वस्तू बसवण्याचं शहाणपण या तालुक्यात आहे. उपचाराच्या साखळीत त्याला जागा दिलेली नाही.

जागा देता येते याला महाराष्ट्रातच पुरावा आहे. १९४४ मध्ये पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या जवानांसाठी. सातारा हा फौजेला पिढ्यान्‌पिढ्या माणसं देणारा जिल्हा, त्यामुळे हे केंद्र या भागाला परकं नाही. कृत्रिम पाय बसवण्याची रीत पाहिली तर सुलिवन यांच्या पहिल्या मास्कची आठवण यावी इतकी ती सारखी आहे. उरलेल्या पायाचा प्लास्टरने साचा घ्यायचा, हाड वर आलेल्या जागी भार कमी पडेल अशी सोय करायची, खोबण करून पायात घालून माणसाला चालवून बघायचं, कुठे लाल होतं ते पाहायचं, पुन्हा घासायचं. उरलेला पाय काही महिन्यांत आकसतो, मग खोबण बदलायची. तिथे कुणी म्हणत नाही की लार्ज आकाराचा पाय कुरिअरने पाठवून दिला, जवानाने मनाची तयारी करावी. कारण पाय बसला नाही तर माणूस चालत नाही हे सगळ्यांना दिसतं. मास्क बसला नाही तर तो अंधारात, झोपेत बसत नाही, आणि ते फक्त बायकोला किंवा नवऱ्याला दिसतं.

आता मास्कचे सगळे प्रकार ऑनलाइन मिळतात, छापील मोजपट्टी कापून नाकाला लावली की आकार कळतो, मग मधला माणूस कशाला, हा शेवटचा आक्षेप. मोजपट्टी नाकाची रुंदी सांगते. आडवं पडल्यावर गाल कुठे सरकतात, झोपेत तोंड उघडतं का, मिशीवर कड टेकते का, हे ती सांगत नाही. शिवाय उघडलेला मास्क स्वच्छतेच्या कारणाने सहसा परत घेतला जात नाही, आणि काही हजार रुपयांची वस्तू तीन वेळा मागवून पाहणं माणमधल्या कुटुंबाला परवडत नाही. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या कड्या असतात, पेसमेकर बसवलेल्या माणसाला त्या घातक ठरू शकतात, यावर २०२२ मध्ये जगभर इशारे निघाले. असली गोष्ट विकत घेणाऱ्याने स्वतः शोधून काढावी ही अपेक्षाच चुकीची. चष्म्याच्या बाबतीत आपण ती ठेवत नाही. दहिवडीत, म्हसवडमध्ये चष्म्याचं दुकान आहे, तिथला माणूस दांडी कानामागे गरम करून वाकवतो, नाकावरचा टेकू दाबून-उघडून बसवतो, आणि त्यासाठी त्याने वैद्यकाची पदवी घेतलेली नसते. नंबर डॉक्टर काढतो, बसवण्याचं काम त्याचं.

मास्कसाठीही एवढंच पुरे आहे. तालुक्याच्या ठिकाणी, ग्रामीण रुग्णालयात किंवा औषधाच्या दुकानाशेजारी, एक कॉट, एक यंत्र, धुऊन निर्जंतुक करता येतील असे पाच-सात नमुन्याचे मास्क आणि शिकवलेली एक व्यक्ती, आठवड्यातून एक दिवस, समजा बाजाराच्या दिवशी. रुग्णाने कवळी काढून, अंबाडा जसा रात्री असतो तसा सोडून, आडवं पडायचं. दाब चालू करायचा, दोन्ही कुशीवर वळवायचं, गळती बोटाने आणि यंत्राच्या आकड्याने दोन्हीकडून पाहायची. मोरणी काढायला तयार नसेल तर बोंडांचा किंवा दुसऱ्या बाजूने बसणारा मास्क शोधायचा. पहिल्या आठवड्यात दोनदा फोन करायचा. दर काही महिन्यांनी कुशन कडक पडतं ते बदलायचं, वजन उतरलं किंवा दात काढले की माप पुन्हा घ्यायचं. साताऱ्याच्या निवृत्त जवानांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून यंत्र मिळू शकतं, केंद्र सरकारच्या निवृत्त नोकरांनाही त्यांच्या योजनेतून मिळतं. यंत्राच्या किमतीत मास्क बसवण्याचा खर्चही धरला आणि पहिल्या महिन्यात एकदा मास्क बदलून घेण्याचा हक्क लिहून दिला, तर कोपऱ्यात पडून राहणाऱ्या यंत्रांवर आज जो सरकारी पैसा वाया जातो त्यातला थोडा तरी झोपेच्या उपयोगी पडेल. शिकवून तयार करायला माणसं लागतील ती म्हसवडच्या शिवणयंत्रांवर आणि दहिवडीच्या चष्म्याच्या काउंटरवर आधीच बसलेली आहेत. प्रशिक्षण द्यायला मिरज आणि पुणे दोन्ही जवळच आहेत.